जीपच्या मानेवर

१२ नोव्हेंबर १९६१

भांडायले माणूस पाहिजे, नाही तर वही पाहिजे. माणूस आज सकाळपासून घरी आहे, पण त्याचं ध्यान माह्याकडे नाही, अंगणातल्या लोखंडाकडे आहे. म्हणून ही वही काढली. सातवी पास आहो मी, अक्षर चांगलं आहे, कायले वाया घालवू.

तोंडानं मी नवऱ्याचं नाव घेत नाही, आमच्याकडे कोणीच घेत नाही. पण वही काही चावडी नाही. इथं मी त्याले भीमराजच लिहीन आन् आला-गेलाच लिहीन. कोणाले वाईट वाटलं तर त्यानं वाचू नये.

तर भीमराजनं ट्राली आणली. फौजेच्या लिलावातली आहे. दोन चाकं, त्याच्यावर लोखंडी पेटी, पुढं लंबा दांडा आन् दांड्याच्या टोकाले कडं. ते कडं पिकपच्या मागच्या हुकात अडकवलं का ट्राली मागं मागं येते. पिकप गेल्या साली आणली होती. तोंड जीपचं आन् मागं सामान टाकायले उघडा हौदा, म्हणून गाव तिले जीपच म्हणते. नुसत्या हौद्यात कापूस मावते किती? ट्राली जोडली तर बंडीच्या वर माल जाते. आमच्या गावावरून कळंब, कळंबवरून यवतमाळचं सरकी काढायचं जिन, सकाळी नेला का दुपारी वापस. बंडीले तेच करायले दीड-दोन दिवस जातात.

मले या लोखंडाचं कौतुक काहून, तर सांगतो. लग्नाले चार वर्षं झाली, त्यातले तीन वर्षं हा नागपूरले ट्रक कंपनीत आन् मी इथं सासू-सासऱ्यापाशी. चार दिवस यायचा, पाहुण्यासारखा जेवायचा, चालला जायचा. दीक्षा घेतल्यावर आमच्या लोकाइनं गावकीची कामं टाकून देल्ली, ते बराबरच झालं, पण खायले तर लागते. म्हणून नागपूर. आता ट्राली आणून म्हणाला, होळीपर्यंत पाहू, जमलं तर जमलं, नाही तर ट्रक आहेच. मले नवरा घरी पाहिजे. बस, एवढंच पाहिजे. ट्रालीले सकाळी मी हळदीचं बोट लावणार होती, मंग आठवलं का आता आपण असं करत नाही, म्हणून नुसती पुसून काढली.

१५ नोव्हेंबर

पहिली खेप गेली. पंजाबरावचा कापूस. पंजाबराव आमच्या गावातले मोठे कास्तकार, बाकीचे त्याइच्या तोंडाकडे पाहून चालतात. त्याइचा माल नीट पोचला तर सारं गाव देईन, नाही तर कोणी देणार नाही.

भरती मामाजीनं केली. मामाजी म्हणजे माहे सासरे, मारोती. अर्धा जन्म त्याइनं पाटलाच्या बंड्या हाकल्या आन् त्याइच्या एकाही बैलाच्या मानेले घट्टा पडला नाही, असं पंचक्रोशीत सांगतात. बंडीत ओझं पुढं झालं तर जू बैलाच्या मानेवर बसते. मागं झालं तर बंडी उलार होते, पुढून उचलते. मामाजी म्हणतात, चूक झालीच तर मागं व्हावी, पुढं नाही. मुक्या जीवाच्या मानेवर भार टाकणाऱ्याले ते माणूस समजत नाहीत.

आमच्याकडे रीत अशी का भरणाऱ्यानं भरावं आन् हाकणाऱ्यानं हाकावं. एकानं दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही. त्यातून भरणारा बाप असला तर विचारूच नका. मामाजीनं जड जड बोझे मागं सारले, हलके पुढं घेतले, पुन्हा एक बोझा मागं ढकलला. मंग दांड्याखाली एक बोट घातलं आन् उचलला. पूर्ण भरलेली ट्राली, एका बोटावर. लोकं पाहतच राह्यले. मंग मीही बोट घालून पाह्यलं, उचलला. मामाजी म्हणाले, आता जीपच्या मानेले कळणारबी नाही का मागं काही आहे. मले भल्ला अभिमान वाटला.

भीमराजनं मले यवतमाळ दाखवतो म्हणून कबूल केलं होतं. लुगडं बदलून तयार झाली तर म्हणते, पुढच्या खेपेले. बरं.

१६ नोव्हेंबर

काल सांजच्याले आला. माल पोचला, पंजाबराव खुश. हा मात्र अर्धी भाकर खाऊन उठला. शर्ट पाठीवर ओला. थंडीत घाम म्हणजे ताप येते, म्हणून मी काढा करून देल्ला. प्याला मुकाट्यानं. एरवी काढ्याले नाव ठेवते.

२४ नोव्हेंबर

तीन खेपा झाल्या. तिन्ही वेळा 'पुढच्या खेपेले'. लोहाराकडे जाऊन हूक ठोकून आणला. मंग चाकातली हवा पाह्यली. मंग चाकाचे नट कसले. मी विचारलं काय झालं, तर म्हणे जराशी डुलते. आता ट्राली डुलली तर डुलली, बाईनं कायले बसू नये त्यात? बंडी काय डुलत नाही? कळंबच्या पुढं डांबरी लागते, मंग तो लंबा उतार नाल्याच्या पुलापर्यंत, वाऱ्यासारखी गाडी जाते म्हणतात. मले ते पाहायचं होतं.

मी आत्याबाईले स्पष्टच विचारलं, यवतमाळात याचं कोणी आहे का? आत्याबाई म्हणजे माही सासू, तुळसाबाई. हसून हसून तिचा घास अडकला. म्हणे, "तेवढी अक्कल त्याले असती तर तुले लग्नात चार शब्द बोलला असता." पण मले हसू आलं नाही. बाई, माणूस बायकोले गाडीत बसू देत नाही म्हणजे काहीतरी असतेच.

डुलते म्हणतो, हे मी मामाजीले सांगतलं. त्याइनं दांडा उचलून पाह्यला. मंग म्हणाले, जीपच्या मानेवर भार येत असंन, अजून मोकळी करा लागन. आजच्या भरतीत त्याइनं अजून दोन बोझे मागं घेतले. दांडा तर फुंकर मारली तरी उठन असा झाला.

३ डिसेंबर

आज वाईट झालं. उतारावर ट्राली बाजूच्या झाडाले घासली, मागची फळी तुटली आन् पंजाबरावचे चार बोझे रस्त्यावर फुटले. सारा रस्ता पांढरा झाला म्हणतात. भीमराज आन् रस्त्यानं जाणारे लोकं कापूस वेचत बसले दुपारपर्यंत. सांगते का समोर म्हैस आली. कोणाची म्हैस, कशी म्हैस, विचारलं तर उठून चाकाचे नट कसायले गेला.

पंजाबराव घरी आले. मले वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट. ओट्यावर बसून पाणी प्याले आन् म्हणाले, "भीमराज, तुह्यावर राग नाही. पण बाकीचा कापूस बंडीनंच जाऊ दे." गेले. ते गेले म्हणजे गाव गेलं.

मामाजी दिवसभर बाहेर बसून होते. कोणी त्याइले काही म्हणलं नाही, त्याइनं तर उत्तम भरली होती.

६ डिसेंबर

विहारात सारे जमलो होतो. बाबासाहेब जाऊन पाच वर्षं झाली. वंदना झाल्यावर बाकीचे बोलत बसले, भीमराज भिंतीले टेकून नुसता जमिनीकडे पाहत होता. मले माहीत आहे त्याच्या डोक्शात काय आहे. नागपूर आहे.

१८ डिसेंबर

ज्याचं भेव होतं तेच. नागपूरच्या कंपनीतून उत्तमसिंग आला. पुसदकडच्या तांड्याचा आहे, याच्यासोबत ट्रक चालवायचा. एक ट्रक रिकामा आहे, मालकानं बोलावलं. दोघं गोठ्यामागं जाऊन लंबा वेळ बोलत होते. मी चुलीपाशी कान लावून बसली, पण काही ऐकू आलं नाही. येताना उत्तमसिंगचं तोंड उतरलेलं, याचं तोंड तर रोजच उतरलेलं असते. जेवून निघताना मले म्हणाला, वहिनी, तुमीच समजवा याले. म्हणजे मी समजवायचं का जा बाबा नागपूरले. माहीच जीभ आन् माहाच गळा.

मी भांडली मंग. म्हणलं, जायचं असंन तर जा, पण मले एक दिवस गाडीत बसवलं असतं तर काय झिजलं असतं? त्यानं माह्याकडे पाह्यलं आन् म्हणाला, "तू त्या गाडीत बसू नको, कौसल्या. तुले काही झालं तर मी काय करू." अशी गोड बोलणी मी सिनेमाच्या गाण्यात ऐकली आहेत. मी भांडे जोरानं घासले.

९ जानेवारी १९६२

आज घरात गाणं ऐकू आलं. भीमराजचं. चार भाकरी खाल्ल्या, मिरचीचा ठेचा मागून घेतला.

कळंबच्या बबनरावची पिठाची गिरणी आहे, तिचे नवे दगड यवतमाळहून आणून देल्ले. मागची फळी तुटलेलीच होती, म्हणून तिथल्या हमालाइनं दोन्ही दगड पुढं, दांड्याच्या बाजूनं ठेवून बांधून टाकले. मी विचारलं काय झालं एवढं खुश व्हायले. म्हणे रस्ता चांगला होता आज. आता रस्ता काय रोज बदलते? कोणी भेटलं असंन यवतमाळात, दुसरं काय.

१२ जानेवारी

पाठ दुखून राह्यली, हात सोलून निघाले, पण आज लिहिलंच पाहिजे.

शेजारच्या वच्छलाबाईची ज्वारी यवतमाळच्या बाजारात न्यायची होती. फळी नवी ठोकली होती. मामाजीनं नेहमीसारखी भरली, पोते मागं, दांडा बोटावर. भीमराज आत गेला तेवढ्यात मी पिकपमध्ये चढून बसली. तो आला, उतर म्हणाला. नाही उतरली. उतर म्हणाला, आत्याबाईनं बोलावलं म्हणाला, खोटं बोलला, मी ढिम्म. शेवटी मामाजीच म्हणाले, जाऊ दे ना तिले, माणूस नाही का ते. बापापुढं काय बोलन तो. निघालो.

कळंबपर्यंत मजा आली. गाडी हळू होती, मी साऱ्या दुनियेकडे पाहत होती. डांबरी लागली, गाडीनं जोर धरला. मंग उतार सुरू झाला आन् मागून कोणी तरी आपल्याले धरून हलवून राह्यलं असं झालं. मागं पाह्यलं तर ट्राली डावीकडे, मंग उजवीकडे, मंग अजून जोरानं डावीकडे, आन् तिच्यासंगं आमच्या पिकपचं बूड. दांडा हुकात वरते उसळत होता. शेपटी हलवणारं कुत्रं असते ना, इथं शेपटीच कुत्र्याले हलवत होती. भीमराज गाणं म्हणून राह्यला होता, मोठ्यानं, बेसूर, दात आवळून. ब्रेकवर पाय नव्हता. मी डोळे मिटले.

पुलापाशी गाडी थांबली. तो उतरला नाही. हातातल्या चाकावर डोकं टेकून रडला. मी त्याले कधी रडताना पाह्यलं नव्हतं.

"दर खेपेले असं होते," तो म्हणाला. "ब्रेक दाबला तर जास्त उसळते. दर वेळी वाटते आज मेलो. म्हणून तुले नेत नव्हतो."

मले काय वाटलं ते लिहिता येत नाही. दोन महिने मी त्याले काय काय बोलली. तो एकटा दर खेपेले या उतारावरून जात होता आन् मी काढे करून देत होती. मी पण रडली, त्याच्यापेक्षा जास्त, कारण मले लाज पण वाटत होती.

मंग नाक पुसल्यावर डोकं चाललं. मी विचारलं, गिरणीच्या दगडाच्या दिवशी डुलली का? म्हणे नाही, पुलाच्या तिकडच्या उतारावर पण सरळ आली. मी म्हणलं दगड जड म्हणून? तो म्हणाला ज्वारी पण जडच आहे. मी म्हणलं मंग दगड कुठं होते? तो म्हणाला पुढं. दोघंही एकमेकाच्या तोंडाकडे पाहत बसलो.

रस्त्याच्या कडेले दोघाइनं मिळून मागचे पोते ओढून पुढं आणले. माह्या हाताची सालटी तिथंच गेली. दांडा आता बोटानं काय, माह्या दोन्ही हातानं हलेना. घाबरत घाबरत निघालो. परतताना ट्राली रिकामी होती, तिचा काय भरवसा, पण जाताना पुलापासून यवतमाळपर्यंत ते पोते घेऊन ती अशी मुकाट मागं मागं आली का मी साऱ्या रस्त्यानं मागंच पाहत होती. यवतमाळ पाहायचं राहूनच गेलं.

१३ जानेवारी

मामाजीले कोण सांगणार? हा तर म्हणे, मी मरन पण बाबाले भरतीबद्दल बोलणार नाही. म्हणजे मरायले तयार, बोलायले नाही. शेवटी मीच सांगतलं, चहा देताना, हळूच. भार पुढं पाहिजे, जीपच्या मानेवर पाहिजे, तेव्हाच सरळ चालते.

मामाजीनं तोंडाशी नेलेला कप खाली घेतला. मंग म्हणाले, "बाई, लोकाइनं माह्या मानेवर जन्मभर ठेवलं. मी कोणाच्या मानेवर ठेवलं नाही. तुमाले ठेवायचं असंन तर ठेवा, माह्या हातानं होणार नाही." कप तसाच ठेवून उठले. मले तोंडात मारल्यासारखं झालं.

२२ जानेवारी

मामाजी भरतीले येत नाहीत. आम्हीच भरली. बबनरावचा गहू होता. पुढं भार पाहिजे ना, मंग घ्या. सारे पोते पुढं कोंबले, मागं ट्राली मोकळी. पिकपचं बूड खाली बसलं आन् तोंड वरते झालं. आम्ही म्हणलं, झालं ना सरळ, चला.

गावाबाहेरच्या वळणावर भीमराजनं चाक फिरवलं, गाडी वळलीच नाही. पुढचे चाकं जमिनीले नुसते टेकले होते, पकड कायची. सरळ पंजाबरावच्या हरभऱ्यात. कोणाले लागलं नाही, हरभरा मात्र झोपला. पंजाबराव बांधावर आले, गाडीकडे पाह्यलं आन् विचारलं, "तुमची जीप आकाशाकडे काय पाहून राह्यली?" सारे हसले. भीमराज हसला नाही. घरी येऊन म्हणाला, होळीची वाट कायले पाहू.

२४ जानेवारी

सकाळी उठून पाहतो तर मामाजी ट्रालीखाली. पाठीवर पडून चाकाकडे पाहत होते. हरभऱ्यातली गोष्ट त्याइच्या कानावर गेली होती. बाहेर आले, माती झटकली आन् पहिल्यांदाच म्हणाले, मले पाहायचं आहे कशी डुलते ते. तेव्हा माह्या ध्यानात आलं का त्याइनं आजवर ट्राली भरली, पण चालताना कधी पाह्यलीच नाही. भरून देल्ली का ते ओट्यावर.

त्याइच्याच हातानं त्याइच्याच पद्धतीनं मातीचे पोते भरले. मामाजी पिकपच्या हौद्यात उलटे बसले, तोंड ट्रालीकडे. मी त्याइच्याजवळ बसली. भीमराज नाही म्हणत होता, पण बाप बसल्यावर तो काय करते. उतारावर निम्म्या जोरानंच नेली, तरी ट्रालीनं आपले रंग दाखवले. मामाजीनं माहा हात धरला होता, चांगला जोरानं. डोळे मात्र दांड्यावर होते. दांडा हुकात वर उसळला का त्याइची मान पण वर जायची.

पुलापाशी उतरले. बसले दगडावर. मंग म्हणाले, बैल जिता असते, मागचं सरकलं तर आपणच पाय रोवून मान देते. हे लोखंड आहे, याले मान देता येत नाही, याले दाबूनच धरा लागते. एवढं बोलून उठले आन् भरती सुरू केली. एक पोतं पुढं, दांडा उचलून पाहा. अजून एक पुढं, पुन्हा पाहा. बोट सोडलं, पंजा लावला, मंग खांदा लावला. लई झालं तर पिकपचं तोंड वरते येते ते बी पाहत होते, लगेच एक पोतं मागं. भीमराज मधे काही बोलला. रीत मोडून बोलला, का बाबा, चाकाच्या जरासं पुढं जड घ्या, टोकाले नको. मले वाटलं झालं आता. मामाजी म्हणाले, "बोल ना मंग. दोन महिने काहून चूप होता?"

शेवटी माप सापडलं. एका माणसानं खांदा लावून कण्हत कण्हत दांडा उचलला पाहिजे. बोटानं उचलला तर ट्राली डुलते, एकट्याच्यानं उचललाच नाही तर जीप आकाशाकडे पाहते. तिथून पुन्हा वर गेलो आन् पुन्हा उतरलो, पुऱ्या जोरानं. ट्राली सरळ. मामाजी खाली उतरल्यावर हुकावर हात ठेवून उभे राह्यले. आत्याबाईले घरी हे सांगतलं तर म्हणे, याचंही तसंच आहे, खांद्यावर काही टाकलं तरच सरळ चालते. बोट भीमराजकडे होतं.

९ फेब्रुवारी

पंजाबरावनं शेवटच्या वेचणीचा कापूस देल्ला. म्हणाले, एकच खेप देतो आन् मी स्वतः बसतो. माघ चतुर्थीची जत्रा आहे, त्याइले कळंबले चिंतामणी गणपतीच्या दर्शनाले जायचं होतं. पण दर्शन झाल्यावर तिथं थांबले नाहीत, पुन्हा गाडीत बसले, म्हणाले उतार पाहूनच जातो. मामाजीनं भरली होती, खांदा लावून पाहून. मी हौद्यात.

जत्रेमुळं रस्त्यावर बंड्याच बंड्या. उताराच्या मधातच एका बंडीचं चाक निखळलं, बाया-पोट्टे रस्त्यावर. भीमराजनं ब्रेक दाबला. मी हौद्याची कड धरली. पिकप थांबली आन् ट्राली तिच्या मागं थांबली, जशीच्या तशी, रेघ मारल्यासारखी सरळ. एक बोझा हलला नाही. भीमराजनं हात सोडून चाकाकडे पाह्यलं, त्याचाच विश्वास बसला नाही. पंजाबराव खाली उतरले, ट्रालीले एक फेरी मारली, परत येऊन बसले. जिनात पोचल्यावर म्हणाले, उद्यापासून तूर आहे, गहू आहे, सारा तुह्याच गाडीत टाक. बाकीच्या कास्तकाराइले मी सांगतो.

आज मले यवतमाळ दिसलं. रस्ते मोठे आहेत, चहा गोड आहे. सिनेमा पाह्यला नाही, पण त्याचे बाहेर लावलेले फोटो पाह्यले.

११ मार्च

खेपा एवढ्या झाल्या का वही लिहायले वेळच नाही मिळाला. मामाजी आता कास्तकाराच्या दारोदारी जाऊन सांगतात, भरती मीच करीन, कोणी हात लावू नका. दोन बंडीवाले त्याइच्याकडे शिकायले आले होते तर त्याइले आधी गाडीत उलटं बसवून उतार दाखवला. म्हणे पाह्यल्याबिगर कळत नाही.

आज उत्तमसिंग पुन्हा आला. होळी जवळ आली आन् हा आला, माह्या हातातली परात खाली पडली. चांगलं चाललं आहे हे मले माहीत होतं, पण माणसाच्या मनाचं काय सांगावं. त्यानं जेवताना पिठलं मागून घेतलं, अंगणात मामाजी खांद्यानं दांडा तोलत होते ते पाह्यलं, आन् मंग मले म्हणाला, वहिनी, मी तिसऱ्यांदा आलो आन् तिसऱ्यांदा नाहीच घेऊन चाललो. मालक आता मलेच रागावतील.

मी म्हणलं, कोणतं नाही?

तो म्हणाला, "तुमाले माहीत नाही? यानं पहिल्याच दिवशी गोठ्यामागं सांगतलं होतं. उत्तमसिंग, मी दगड फोडीन, पण तिले सोडून पुन्हा येत नाही. म्हणून तर तुमाले म्हणलं होतं का समजवा याले."

मधात एकदा कळंबच्या स्टँडवर पण भेटला होता म्हणे, तिथं पण हेच. मी सारा हिवाळा कानात जीव आणून बसली होती. रोज त्याच्या तोंडाकडे पाहून अंदाज लावत होती, जाते का राहते, जाते का राहते. आन् याचं ठरलेलं होतं. 'होळीची वाट कायले पाहू' म्हणाला ते पण ट्राली विकायचं होतं, मी नागपूर समजली.

उत्तमसिंगले एसटीवर बसवून दिल्यावर मी सरळ ट्रालीपाशी गेली. भीमराज पोते बांधत होता. मी म्हणलं मले काहून नाही सांगतलं? तो गाठ मारता मारता म्हणाला, ट्राली डुलत होती, काय सांगणार होतो? थांबतो पण तुले खाऊ काय घालू ते माहीत नाही, असं सांगू?

"थांबतो, एवढंच सांगायचं होतं," मी म्हणलं. "बाकीचं मी पाह्यलं असतं."

त्यानं हातातला दोर तसाच धरून ठेवला. मामाजी दांड्यापाशी उभे होते, त्याइनं तोंड फिरवून आत्याबाईले कायले तरी आवाज देल्ला आन् घरात निघून गेले.

"थांबतो," भीमराज म्हणाला.

मी दोराचं दुसरं टोक घेतलं आन् ओढून धरलं.